निजवलेलं मूल

३ नोव्हेंबर १९८७, मंगळवार

पोहोचले एकदाची. अंग खिळखिळं झालंय, पण मन इतकं हलकं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. भाजीच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी सात तास बसून आले. मांडीवर औषधांची पेटी, पायाशी कांद्यांचं पोतं, आणि प्रत्येक वळणाला ड्रायव्हरचं मोठ्याने बिस्मिल्ला. खिंड ओलांडली आणि तामलूत एकदम समोर आलं. डोंगराला चिकटलेली लाल मातीची घरं, खाली ओढ्याकाठी अक्रोडाची झाडं, सगळी पिवळी झालेली. आमच्या साफीला समुद्र आहे, सार्डिन माशांचा वास आहे, कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर आहे. इथे नुसती हवा आहे. छाती भरून घ्यावी तर आत टोचते.

साफीत या बाजूला ‘आतला मुलूख’ म्हणतात. आत म्हणजे किती आत, ते कुणी पाहिलेलं नसतं. बदलीचा कागद हातात देताना आमचे मोठे डॉक्टर म्हणाले होते, नकाशात आपलाच देश आहे, लल्ला बतूल, पण तिकडे गेलात की परदेशी तुम्हीच. म्हणून ही नवी वही घेतली. इथली माणसं, त्यांची डोंगरी बोली, त्यांची जमीन, जे समजेल ते लिहून काढायचं. त्रेचाळिसाव्या वर्षी नवा देश शिकायला मिळतोय, हे काय थोडं आहे!

मुकद्दम हद्दू, म्हणजे गावातला सरकारचा माणूस, उतरवून घ्यायला आला होता. इथेही बाईला मानाने लल्लाच म्हणतात. म्हणाला, लल्ला, या गावात तीन गोष्टी उशिरा येतात: सरकारी औषधं, बर्फाची बातमी आणि माझ्या बायकोचं हसू. तुम्ही मात्र अगदी वेळेवर आलात. कशाच्या वेळेवर, असं मी विचारलं, तर तो पेटी खांद्यावर टाकून चालायलाच लागला.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरची रोग्यांसाठी, आतली माझ्यासाठी. कुणीतरी लाकूडफाटा रचून ठेवला होता, भिंती ताज्या सारवलेल्या होत्या. संध्याकाळी बायका मोठं ताट घेऊन आल्या. रफीसा! पोळ्यांचे तुकडे, मसूर, मेथ्या आणि वर कोंबडी. मला हसूच फुटलं. आमच्याकडे हे बाळंतिणीचं जेवण. मी म्हटलं, अगं बायांनो, मी बाळंत व्हायला नाही, तुम्हाला बाळंत करायला आलेय. सगळ्या हसल्या. एक म्हातारी तेवढी हसली नाही. इत्तो तिचं नाव, गावातली सगळ्यात जुनी विणकरीण. तिने कोंबडीचा मऊ तुकडा शोधून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, थंडीत मेथ्या कुणालाही चांगल्याच.

५ नोव्हेंबर, गुरुवार

आज बाजाराचा दिवस. मेंढ्या, मीठ, रॉकेल, जुने कोट. इथले लोक भाव करत नाहीत, गप्प बसतात. विकणारा गप्प, घेणारा गप्प, आणि ज्याला आधी लाज वाटेल तो हरतो. मी दोनदा हरले.

तूदा दुभाषी म्हणून बरोबर होती. चोवीस वर्षांची, चार वर्षं शहरात घरकाम केलेली, त्यामुळे तिला माझी भाषा चांगली येते. जीभ तिखट. मी घासाघीस न करता मध घेतला तर म्हणाली, घ्या लल्ला, आता मधमाशीही तुम्हाला दुवा देईल. तिचा नवरा मोहा तीन वर्षांपूर्वी फ्रान्सला कामाला गेला, अजून आलेला नाही. तूदा पोटाखाली एक हात धरून चालते, सहावा महिना लागलेल्या बाईसारखी. पोट मात्र सपाट. मी तपासू का म्हटलं, तर चटका बसल्यासारखी मागे सरली. तपासायचं काही नाही, ते निजलंय, म्हणाली.

निजलेलं मूल. हे काही मला नवं नाही, माझी आजीही सांगायची. नवरा परदेशी जातो, महिने उलटतात, पोटातलं मूल आईच्या काळजीने निजून जातं. मग ते दोन वर्षांनी जागं होवो नाहीतर पाच. किती बायकांची अब्रू या निजलेल्या मुलांनी राखली असेल! सुईणीच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की असं कुणी म्हटलं तर हसायचं ते मनात. मी मनातच हसले आणि नोंदवहीत लिहिलं: गर्भ नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

इत्तोकडे चहाला बोलावणं होतं. बारा-तेरा बायका. मी वही काढली तर इत्तो म्हणाली, शहरातल्या बायका कानांनी ऐकतात की कागदांनी? मी वही मिटली.

मग नेहमीचे प्रश्न. नवरा? सोडला, म्हणजे त्याने मला. मुलं? नाहीत. इथवर प्रत्येक गावात असंच होतं, मग बायका च्‌ च्‌ करतात आणि डोळ्यांत ती कीव येते. त्या किवेचा मला इतका कंटाळा आहे की मी कधीपासून एक उत्तर तयार ठेवलंय. तेच दिलं. म्हटलं, मला मूल नकोच होतं, कधीच.

कुणीही च्‌ केलं नाही. इत्तोने पाव मोडला, मिठात बुडवला, अर्धा माझ्या तळहातावर ठेवून वरून स्वतःचा हात घट्ट मिटला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी तेच सांगितलं. तिने तिसऱ्यांदा विचारलं. माझा हात दुखायला लागला होता. कधीच नको होतं, मी म्हटलं. मग आम्ही दोघींनी पाव खाल्ला. खोलीतल्या बायकांनी असा श्वास सोडला, जसं कुणाच्या पाठीवरून ओझं उतरावं.

भाकरमीठ हातात घेऊन खोटं बोलू नये, एवढं मलाही कळतं. पण एवढ्या बायकांदेखत काय सांगायचं होतं मी? या वहीत मात्र खरं लिहिते. सहा वर्षांपूर्वी, पाचवा महिना. इतर शेकडो बायकांची मुलं या हातांनी बाहेर काढली आणि माझं ते राहिलं नाही. मुलगा की मुलगी, मी विचारलं नाही, आणि न विचारल्याचं दुःख अजून गेलेलं नाही. इद्रीसने, माझ्या नवऱ्याने, दुसरं लग्न केलं, त्याला आता तीन आहेत. बाजारात कुणाचं तान्हं रडलं की माझे हात आपोआप पुढे होतात. इतक्या दूर मी या मुलखाची ओळख करून घ्यायला आले, हे खरंच. पण साफीतल्या रस्त्यांना माझी जी ओळख आहे, ती पुसायलाही आले.

एक प्रश्न राहिलाच. यांना एवढं हायसं का वाटलं?

१४ नोव्हेंबर, शनिवार

आज इत्तोच्या अंगणात ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, लावला. मला मुद्दाम बोलावलं. म्हणाल्या, नव्या बाईचा हात लागला की लोकर तुटत नाही.

ऐन दुपारचं ऊन. जमिनीत दोन लोखंडी खुंट ठोकलेले, आठ-नऊ पावलांवर. एका खुंटापाशी तूदा, दुसऱ्यापाशी मी. इत्तो लोकरीचा गुंडा घेऊन आमच्या मधून फेऱ्या मारायची, तिच्या खुंटाला वेढा, माझ्या खुंटाला वेढा. आम्ही फक्त धागा सावरायचा. एरवी या कामात बायका गातात, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढतात. आज कुणीही बोललं नाही. शंभरेक फेऱ्या झाल्या असतील. तूदा सगळा वेळ माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकर डोळ्यांत जाते, म्हणाली.

शेवटी इत्तोने मला ताण्यावरून तीनदा ओलांडायला लावलं. हा प्रकार मी ऐकून आहे. लग्नापर्यंत कुणाचा हात लागू नये म्हणून पोरींना माग ओलांडायला लावून ‘कुलूप’ घालतात. मी म्हटलं, इत्तो आजी, माझ्या वयाला आता कसलं कुलूप! ती म्हणाली, कुलूप नव्हे.

घरी येताना पाय जड झाले होते, जसं पाण्यातून चालावं.

१७ नोव्हेंबर

तूदा दोन्ही हात मोकळे सोडून चालते आहे. पाण्याची घागर डोक्यावर घेऊन ओढ्यावरून जवळजवळ धावत आली. पोटाखालचा हात कुठे गेला, असं गमतीने विचारलं तर चेहरा पडला. म्हणाली, थंडी वाजते, लल्ला, हात खिशात असतात.

२९ नोव्हेंबर, रविवार

खिंड बंद झाली. आता फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्रक नाही, असं हद्दू सांगून गेला. दारातून आत आला नाही. पूर्वी चहा घेतल्याशिवाय हलत नसे.

मला काही उचलू देत नाहीत. सकाळी दार उघडावं तर पाणी भरलेलं, लाकूड फोडलेलं, उंबऱ्यावर दोन अंडी. दवाखान्यात रोगी नाहीत, पण बायका येऊन बसतात. माझ्यासमोर हळू बोलतात, तान्ह्याशेजारी बोलावं तसं. परवा एका पोरीने दार आपटलं तर तिच्या आईने तिला फाडकन थोबाडीत मारली. दार आपटल्याबद्दल? आणि रोज तोच एक प्रश्न, झोप चांगली लागते ना? मी म्हणते, लागते. हल्ली फार लागते.

यांच्या चांगुलपणाला मी नावं का ठेवते? पण चांगुलपणाला काहीतरी निमित्त असतं. यांचं निमित्त मला कुणी सांगत नाही.

९ डिसेंबर

पाळी चुकली. या वयात असं व्हायचंच, किती बायकांना मीच हे समजावलंय.

तूदा आली होती. लाजत लाजत सांगितलं की तीन वर्षांनी तिची पाळी आली, लग्नाची बातमी सांगावी तसं. मग शालीखालून पत्र काढलं, खिंड बंद व्हायच्या आधी आलेलं. मोहा मार्चमध्ये परत येतोय. मी अभिनंदन केलं. तिने माझे दोन्ही हात धरून चुंबले, कपाळाला लावले, आणि सोडेचना. मला माफ कराल ना, लल्ला, असं तीनदा म्हणाली. कशाबद्दल?

१८ डिसेंबर

शांतपणे लिहिते. सुईण आहे मी, वीस वर्षं.

आज सकाळी मोजपट्टी घेतली. गर्भाशय नाभीपाशी लागतंय. म्हणजे पाचवा महिना. पंधरा दिवसांपूर्वी तिथे काही नव्हतं. सहा वर्षांत कुणा पुरुषाची सावली माझ्या अंथरुणावर पडलेली नाही. गाठ असेल, पाणी असेल. अशा गाठी असतात, मी पाहिल्यात.

मग स्टेथोस्कोप स्वतःच्या पोटाला लावला. बराच वेळ काही नाही. मग एक ठोका. मला वाटलं, माझाच. मनगटावर बोट ठेवलं, माझे वेगळे चालले होते. पुन्हा एक. घड्याळ लावून मोजले.

त्याचे मिनिटाला अकरा. माझे चौऱ्याहत्तर.

गाठीला ठोके नसतात. मुलाचे अकरा नसतात.

२० डिसेंबर, रविवार

तूदाला दवाखान्यात घेतलं, दाराला कडी लावली आणि विचारलं. आधी रडली. मग सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

दुष्काळाच्या साली, म्हणजे युद्ध संपलं त्या साली, इत्तोची बहीण गरोदर होती. नवरा धान्य आणायला शहरात गेला. घरात खायला दाणा नाही. बहीण म्हणाली, हे आत्ता येऊ नये, तो परतल्यावर यावं. इत्तोने ताईत बांधून मूल निजवलं. इत्तोचं ते पहिलंच निजवणं. नवरा परत आलाच नाही. बहीण भुकेने गेली. इत्तोने तिला आंघोळ घातली आणि उठली तेव्हा ते इत्तोच्या पोटात होतं. तेव्हापासून ते गावात आहे. पोटातून पोटात. म्हातारीच्या पोटात राहत नाही. नवरा जवळ असेल तर चाळवतं. म्हणून ज्यांचे नवरे दूर, त्या आळीपाळीने घेतात. ताण्यावरून.

बेचाळीस वर्षं. माझ्याहून एका वर्षाने लहान.

मी विचारलं, त्याला येऊ का देत नाही? तूदा म्हणाली, ते जागं झालं की आई निजते. तेवढंच. त्याला हाक मारायची नाही, नाव द्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. मनातूनही बोलावायचं नाही. ज्या बाईला मूल हवं असतं तिच्या पोटात ते ऐकतं. म्हणून इत्तो आजीने तुम्हाला भाकरमिठावर तीनदा विचारलं, लल्ला. तुम्हाला कधीच नको होतं ना?

मी खिडकीकडे बघत राहिले.

तूदा हळूहळू उभी राहिली. तिने तोंडावर हात ठेवला होता.

२१ डिसेंबर

इत्तो आली. ओरडेल असं वाटलं होतं. ती जमिनीवर बसली आणि स्वतःच्या कपाळावर मारून घेऊ लागली. म्हणाली, अगं माझ्या लेकी, तुला एवढी कसली लाज होती गं? रडली असतीस तर आम्ही तुझ्याबरोबर रडलो असतो, आणि मोहाला लिहिलं असतं की अजून एक वर्ष थांब!

मग मला तिच्या घरी नेलं, मागच्या खोलीत. मोठी खिडकी, बाहेरच्या बर्फाचा लख्ख उजेड. गालिच्यावर एक बाई निजलेली. इझ्झा, इत्तोची थोरली सून. लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी तिने हट्टाने ते मागून घेतलं आणि दिवसभर त्याच्याशी बोलायची. बायकांनी ताणा लावला, ते काढून घेतलं, पण एक दिवस उशीर झाला.

मी तपासलं. अंग ऊबदार. नाडी मिनिटाला सहा. तळपाय लहान मुलासारखे मऊ. केसांत एकही पांढरा नाही; इत्तो रोज वेणी घालते. पोटावर मात्र तिचे दोन्ही हात असे धरलेले, बोटं सोडवता येत नाहीत.

इत्तोने सांगितलं, उद्याच ताणा लावू. तूदा परत घेईल.

२२ डिसेंबर

लावता आला नाही. हिमवादळ. वाऱ्यात धागा धरत नाही, तुटला तर मधेच अडकतं म्हणे. उघड्या आभाळाखालीच करावं लागतं. थांबायचं.

त्याचे एकोणीस. माझे सत्तर.

मी त्याच्याशी बोलत नाही. मोठ्याने पाढे म्हणते. औषधांची नावं म्हणते.

२७ डिसेंबर

चूक झाली. शाल बांधताना गाठ घट्ट बसली आणि मी म्हणून गेले, लागलं का रे?

ते हललं. कुशीवर वळावं तसं. कुणी माझ्या आत पांघरूण ओढून घ्यावं तसं.

मी तिथेच जमिनीवर बसले. भीती वाटली, अल्लाशपथ वाटली. पण ते हलणं! सहा वर्षांपूर्वीचं, अगदी तेच. वही, तुझ्याशी खोटं बोलणार नाही. मी हसत होते.

त्याचे सदतीस. माझे बासष्ट.

२ जानेवारी

वादळ थांबलेलं नाही. रोज कुणी ना कुणी बायका येऊन बसतात, मला एकटं सोडत नाहीत. पाळत आहे ही. गप्पा मारत, लोकर पिंजत, डोळे माझ्या ओठांवर. मी ओठ मिटून बोलायला शिकले आहे.

दिवसाही झोप येते. डाळ निवडता निवडता. चमचा तोंडाशी नेता नेता.

६ जानेवारी

विचार करते आहे. हे सगळं खरं कशावरून? त्यांच्या मूल निजवण्यावर माझा विश्वास नव्हता, मग जागं झाल्यावर आई निजते यावर का ठेवायचा? इझ्झाला दुसरा काही आजार असेल. मेंदूचा. एकट्या इत्तोच्या सांगण्यावर —

बेचाळीस वर्षं त्या एका जिवाला कुणी जन्मू दिलं नाही. कुणाला अडचण होती, कुणाचा नवरा येणार होता. एकीलाही ते हवं नव्हतं. मला हवं आहे. चुकून का होईना, ते योग्य दारी आलं.

तूदा फार गोड बोलते आहे. परत घेईन म्हणते, मोहा येणार असूनही. संसार मोडेल तिचा. एवढं कोण करतं? का करतं?

त्याचे अठ्ठावन्न. माझे त्रेपन्न.

९ जानेवारी

इत्तो म्हणते, हे तुझं बोलणं नव्हे, त्याचं आहे. इझ्झाही असंच म्हणायची, शब्द न् शब्द.

असं म्हणणारच.

१२ जानेवारी

ऊन पडलं. अंगणातला बर्फ काढताहेत, फावड्यांचा आवाज इथे येतो. परवा सकाळी ताणा.

जाईन. लिहून ठेवते: जाईन. बतूलने स्वतःच्या हाताने लिहिलंय. नंतर मी काही वेगळं म्हणाले तर ते —

त्याचे एकोणऐंशी. माझे अठ्ठेचाळीस.

१३ जानेवारी

दुपारी स्टेथोस्कोप लावला. ठोक्यांमागे आणखी काहीतरी.

श्वास. आत, बाहेर. आत, बाहेर. गाढ झोपलेल्या माणसाचा.

पोटातलं मूल श्वास घेत नाही. कुठलंच घेत नाही.

मोठ्या माणसाचा श्वास होता.

नळी काढून फेकली. आता नळी न लावताही ऐकू येतो.

१४ जानेवारी

सगळे आले. खुंट, लोकर, सगळ्या बायका. हद्दूसुद्धा, पाठ करून उभा. मी कडी लावून घेतली. मी म्हणजे — हातांनी लावली. मला जायचं होतं. उंबऱ्यापर्यंत गेले होते.

इत्तो दाराला तोंड लावून बोलते आहे. अगं, एकीची वेणी घालते मी रोज, माझ्या हातांत आता दुसरीची घालायची ताकद नाही, उघड गं माझ्या बाळा, उघड.

तूदा म्हणते, दारातून धागा सरकवते, निदान तो धरा.

फटीतून पांढरा धागा आत आलाय. पायाशी. वाकलं तर हाताला येईल.

वाकवत नाही. पोट इतकं —

दुपार

किती वेळ निजले? ऊन भिंतीवर सरकलंय. बाहेर अजून आहेत. कुऱ्हाड आणा म्हणताहेत.

त्याचे एकशे तीस. माझे सापडत नाहीत, बोट ठेवून बसले, एक आला, मग —

श्वास थांबला आहे. आतला. निजलेल्याचा श्वास नाही आता. ऐकतंय.

धागा अजून तिथेच. हात लांब केला होता. ते म्हणालं, नको. माझ्याच आवाजात म्हणालं, पण मी बोलले नव्हते.

मला भीती नाही वाटत. वाटते. खूप वाटते. पण इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या कुशीत

फळी फुटली. उजेड येतोय, तूदाचा हात दिसतोय —

मी त्याला विचारलं, बाहेर आलास की मला उठवशील ना रे? मला पाहायचंय तुला. एकदाच. उठवशील?

ते विचारतंय, तू कोण आ